लपवलेला ताप आणि बादल्यांतला झिनिया

आजारात शहाण्यासारखं कसं वागावं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. रिपोर्ट हातात पडला की दुसऱ्या दिवसापासून घरी त्यांची रांग लागते. मी मूर्खासारखा कसा वागलो, तेवढंच सांगणार आहे. ज्यांच्या घरात आत्ता किमो सुरू आहे त्यांनी हे वाचावं आणि शक्यतो घरातल्या पेशंटला मोठ्यानं वाचून दाखवावं.

गाठ

मी जालन्यात एका बियाणे कंपनीत फील्ड सुपरवायझर आहे. सत्तावीस वर्षं मी लोकांच्या शेतातले बीजोत्पादनाचे प्लॉट बघत आलो. कापूस, भेंडी, मिरची. माझं मुख्य काम भेसळ काढायचं. प्लॉटमध्ये सगळी झाडं एकसारखी हवीत. त्यात एखाद्याचं पान वेगळं, फुलाचा रंग वेगळा किंवा उंची वेगळी दिसली, की उपटून बांधाबाहेर टाकायचं. दयामाया करायची नाही. चार झाडं राहिली तरी त्यांचा पराग पसरतो आणि सगळं बी नापास होतं. मी मोटरसायकलवरून जाता जाता भेसळ ओळखतो, अशी माझी कंपनीत ख्याती आहे. ती मीच पसरवली आहे.

तर अशा नजरेच्या माणसाला जुलैत दाढी करताना मानेला गाठ लागली. मी म्हटलं, राहू दे. ऑगस्टपासून कापसाच्या क्रॉसिंगचा, म्हणजे हातानं परागीकरण करायचा सीझन, बायांच्या टोळ्या ठरवायच्या, प्लॉट बघायचे, वेळ कुणाला आहे? मी कॉलरचं वरचं बटण लावायला लागलो.

पोळ्याच्या दिवशी जेवताना बटण उघडं राहिलं. नंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पुरणपोळी वाढता वाढता हात थांबवला.

"हे काय?"

"डास चावला."

"डास काय लिंबाएवढा होता?"

संभाजीनगरच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. गाठीचा तुकडा काढला. आठवड्यानं तिथल्या डॉक्टर मॅडमनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की हा लिम्फोमा आहे, कॅन्सरच, पण उपचार चांगले आहेत, सहा डोस द्यावे लागतील, दर तीन आठवड्यांनी एक. मॅडम माझ्या पोरीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या असतील. मी विचारलं, "मॅडम, सीझन संपेपर्यंत थांबता येईल का?"

नंदा म्हणाली, "मॅडम, यांच्याकडं लक्ष देऊ नका. सोमवारी आलो तर चालेल?"

परत येताना बदनापूरला चहाला थांबलो. चहा येईपर्यंत ती ठीक होती. चहा समोर आला आणि ती रडायला लागली. माझ्याकडं अशा वेळी एकच विद्या आहे. मी म्हटलं, "साखर कमी आहे का?" ती हसली नाही. चहावाला मात्र खरंच साखरेचा डबा घेऊन आला.

मला रडू आलं नाही. लाज वाटली. लोकांच्या शेतातली भेसळ मी दुरून ओळखतो, आणि स्वतःच्या मानेतली दोन महिने कॉलरखाली सांभाळली.

अंतर

मॅडमनी नियम सांगितले. डोसनंतर दुसऱ्या आठवड्यात शरीरातल्या पांढऱ्या पेशी फार कमी होतात, तेव्हा साधा जंतूही जीव घेऊ शकतो. कच्चं खायचं नाही. गर्दीत जायचं नाही. मातीला हात लावायचा नाही, कुंड्यांच्या, फुलांच्या नादी लागायचं नाही. आणि ताप शंभर पॉइंट चार झाला की तापाची गोळी घेऊन झोपायचं नाही, लगेच निघायचं. "घड्याळ बघू नका," त्या म्हणाल्या, "गाडी बघा."

मी म्हटलं, "मॅडम, मातीशिवाय मला काही येतच नाही."

"मग काहीच करू नका," मॅडम म्हणाल्या.

पहिला डोस झाला आणि मी घरी बसलो. अंथरुणातून फोनवर टोळ्यांना सूचना द्यायचो, शेवटी कंपनीनं गोड शब्दांत फोन न करण्याची सूचना मला दिली. मी खिडकीतून रस्त्यानं जाणाऱ्यांच्या गाड्या मोजायला लागलो.

तेव्हा नंदानं झिनिया लावला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि रिकाम्या माणसाला कसं बसवून ठेवायचं याचं तिला प्रशिक्षण आहे. घराला रंग दिला तेव्हाच्या चौदा रिकाम्या बादल्या गच्चीवर पडून होत्या. तिनं खिळा तापवून त्यांच्या बुडाला भोकं पाडली, माती आणि शेणखत भरलं आणि बाजारातून पुडी आणून बी टोचलं.

"झिनियाच का?" मी विचारलं.

"दोन महिन्यांत फूल येतं म्हणून. याला फूल येईस्तोवर तुमचे तीन डोस झालेले असतील. अर्धा आजार संपला असंल."

गच्चीवर तिनं खडूनं एक रेघ मारली. रेघेच्या पलीकडं बादल्या, अलीकडं माझी खुर्ची, मध्ये पाच-सहा पावलं. मला हे नवं नव्हतं. बीजोत्पादनाच्या प्लॉटला शेजारच्या पिकापासून अंतर ठेवावं लागतं, त्याला आम्ही विलगीकरण अंतर म्हणतो. आयुष्यभर शेतकऱ्यांशी त्या अंतरावरून भांडलो. आता मीच प्लॉट झालो होतो.

खुर्चीवरून मी सुपरवायझरकी सुरू केली. "पाणी पानांवर टाकू नको, बुडाशी टाक. पानं ओली राहिली की पांढरी बुरशी, भुरी येती."

"बरं."

"चार जोड्या पानं आली ना? आता शेंडा खूड. मंग फांद्या फुटतात."

"शाळेतनं आल्ते, अजून चहा न्हाई घेतला मी."

"हे उद्यावर टाकायचं काम न्हाई, नंदा."

"साहेब," ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमच्या टोळीतल्या बाया तुम्हाला कशा काय सहन करून राह्यल्या इतकी वर्षं?"

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी ती बादल्यांना घालायची. माझी पोरगी पल्लवी बी.फार्म. करून औषधाच्या दुकानात काम करते; ती संध्याकाळी येऊन बादल्या उन्हाप्रमाणे फिरवायची. मी बोट दाखवायचो. चौदा बादल्यांना दोन मजूर आणि एक सुपरवायझर. कुठल्याही कंपनीत असंच प्रमाण असतं.

शेजारची खुर्ची

किमोच्या दिवशी सकाळी सातला निघायचो. रक्त तपासायचं, रिपोर्टची वाट बघायची, मग आडव्या होणाऱ्या खुर्चीत बसून चार-पाच तास थेंब बघायचे. शिरा सापडत नसल्या की सिस्टर हातावर टिचक्या मारायच्या. मला भीती दुखण्याची नव्हती. थेंब पडत असताना करायला काही नसतं आणि डोकं रिकामं राहत नाही, त्याची होती.

शेजारच्या खुर्चीत साळवे सर असायचे. निवृत्त शिक्षक, भोकरदनकडचे. डोक्यावर एक केस नाही आणि खिशात कंगवा. "सवयीनं ठेवतो," म्हणाले. दुसऱ्या डोसच्या वेळी माझेही केस गेले होते. त्यांनी कंगवा पुढं केला. "घ्या, संकोच करू नका."

माझ्या चार महिन्यांतलं ते सगळ्यात मोठं हसू.

माकड

तिसऱ्या डोसनंतरच्या आठवड्यात झिनिया फुलला. बहुतेक बादल्यांत गुलाबी, भरगच्च पाकळ्यांची फुलं आली. फुलपाखरंही आली. एका सकाळी नंदा शाळेत, पल्लवी दुकानात गेलेली. मी एकटाच खुर्चीत बसलो होतो.

आणि मला ते दिसलं. तिसऱ्या बादलीत पिवळं. एकेरी पाकळ्यांचं, लांब मानेचं, किडकिडीत. नवव्या बादलीत केशरी, त्यावर पांढरे शिंतोडे. अकराव्यात आणखी एक पिवळं.

वाचणाऱ्याला हे कळणार नाही, पण माझा हात शिवशिवायला लागला. मी नजर दुसरीकडं नेली. ती परत तिथंच. सकाळची वेळ भेसळ काढायचीच असते. फूल ताजं असतं, रंग स्पष्ट कळतो. मी उठलो. रेघ ओलांडली. तिन्ही झाडं बुडाशी धरून मुळासकट उपटली, सवयीनं मुळांची माती बादलीत झटकून दाबली आणि कठड्यावरून शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर फेकली. बादलीच्या फाटक्या काठानं अंगठ्याला जरासं कापलं. साबणानं हात धुतला. आणि खरं सांगतो, दोन महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. काम केल्यासारखं.

नंदा संध्याकाळी गच्चीवर आली.

"पिवळं कुठंय?"

"माकड आल्तं."

पल्लवी बादलीत वाकून बघत होती. "पप्पा, माकडानं मुळासकट उपटलं, आन् वरून माती बराबर दाबून गेलं?"

"आजकालची माकडं—"

"पुडीवर सरमिसळ रंग लिहिल्तं," नंदा हळू म्हणाली. "म्हणून घेतली होती मी. चौदा रंग निघतील म्हणून." ती एवढंच म्हणाली. माझ्या अंगठ्याकडं तिचं लक्ष गेलं नव्हतं. तो मी मुठीत दाबला होता.

खोटा आकडा

दोन दिवसांनी दुपारी थंडी वाजली. थर्मामीटर लावला. एकशे एक.

आता मॅडमनी काय सांगितलं होतं ते मला पाठ होतं. पण ताप सांगितला की अंगठा दाखवावा लागणार, अंगठा दाखवला की माती निघणार, माती निघाली की माकड. शिवाय परत दवाखाना, परत सुया. नंदा शाळेतून आली, म्हणाली, "किती आहे?"

"अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा."

मी गुपचूप तापाची गोळी घेतली. घाम आला, ताप उतरला. मी स्वतःची पाठ थोपटली. सकाळी परत विचारलं, परत अठ्ठ्याण्णव सांगितलं. गोळीनं ताप दबतो, जंतू दबत नाही. हे मला सांगितलेलं होतं. सांगितलेलं आणि ऐकलेलं यात फरक असतो.

त्या दुपारी मी न्हाणीत पडलो. पल्लवी नशिबानं जेवायला घरी आलेली होती. तिनं थर्मामीटर लावला, वाचला आणि आईला फोन केला. तिचा आवाज मला लांबून ऐकू येत होता. "आई, जल्दी ये. पप्पांनी खोटं सांगितलंय."

संभाजीनगरपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही.

काच

सहा दिवस मी वेगळ्या खोलीत होतो. त्यातले पहिले दोन माझ्याकडं नाहीतच. रक्तदाब खाली गेला होता. मॅडमनी नंतर फक्त म्हटलं, "अजून दोन-तीन तास उशीर झाला असता तर..." आणि फाइल मिटली.

काचेच्या पलीकडं नंदा बसलेली असायची. मला वाटलं होतं ओरडेल. मी उत्तरंही जुळवून ठेवली होती. ती ओरडली नाही. चौथ्या दिवशी मास्क, गाऊन घालून आत आली आणि पलंगापासून लांब उभी राहिली.

"एक विचारू?"

"विचार की."

"तुम्हाला माझी जास्त भीती वाटली? मरणापेक्षा?"

मी म्हटलं, "मरण काय, एकदा येऊन जातं. तू रोज—"

ती हसली नाही. मी वाक्य अर्धं सोडलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात माझा विनोद तिच्यासमोर पहिल्यांदा असा मेला.

"मी विचारते, तुम्ही आकडा सांगता, त्याच्यावर मी शाळेत जाते," ती म्हणाली. "त्या आकड्यावर विश्वास न्हाई ठेवायचा, तर मंग मी कशावर घराबाहेर पडू?"

 

घरी आल्यावर तिनं रजा टाकली. दिवसातून चार वेळा थर्मामीटर स्वतः लावायची, स्वतः वाचायची. मी तोंडी काही सांगितलं तर ऐकल्यासारखं करायची. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, बोलणं कामापुरतं. गच्चीला कुलूप. मला लोक म्हणायचे, तुमची मिसेस किती करते. करत होती. पण मी तिच्या लेखी एक न भरवशाचा पेशंट झालो होतो, आणि तो शिक्का किमोपेक्षा जड होता.

चौथ्या डोसला गेलो तर साळवे सरांच्या खुर्चीत दुसरं कुणीतरी. पाचव्यालाही. सिस्टरला विचारावं असं दोनदा ओठांवर आलं. मी विचारलं नाही. त्यांचा दिवस बदलला असेल, असं मी अजून धरून चाललो आहे.

थायरॉइड

पाचव्या डोसनंतर दहाव्या दिवशी पल्लवीला बघायला परतूरचे पाहुणे येणार होते. माझ्या आजारपणामुळं दोनदा पुढं ढकललेलं. माझी थोरली बहीण, आक्का, अंबडहून आदल्या दिवशीच आली. स्थळ तिनंच आणलेलं.

"बाळू, नीट ऐक," आक्का म्हणाली. "कॅन्सर बिलकुल म्हणायचं न्हाई. थायरॉइड म्हणायचं. पोरीचं जमंस्तोवर. नंतर काय सांगायचं ते बघू."

"आत्या, मला हे बरं न्हाई वाटत," पल्लवी म्हणाली.

"तुला काय कळतं? बापाला असा आजार म्हटल्यावर लोक पोरीत पण तेच बघतात. भेसळ म्हणत्येत रक्तात."

तो शब्द तिनं सहज वापरला.  चार पाहुण्यांची गर्दी चालेल का, हे नंदानं मॅडमना फोनवर विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, मास्क लावा, दारं उघडी ठेवा, थोडा वेळ लांबून बसा.

पाहुणे अकराला आले. मुलगा, त्याचे आईवडील, एक मामा. मी टोपी-मास्क लावून दाराजवळच्या खुर्चीत. आक्कानं थायरॉइडची गोष्ट इतकी रंगवून सांगितली की मुलाच्या आईनं स्वतःच्या थायरॉइडच्या गोळीचं नाव सांगितलं आणि माझ्या गोळीचं विचारलं. मी म्हटलं, "पल्लवीला विचारा, औषधाचं तीच बघते." पल्लवीनं पोह्यांच्या ताटल्या ठेवता ठेवता माझ्याकडं असं बघितलं की पोह्यातली मिरची मलाच लागली.

आणि मला थंडी वाजली.

पाठीच्या मणक्यातून एक बारीक शिरशिरी. मी ओळखली. आता मोटरसायकलवरून ओळखायची गोष्टच नव्हती. मी हात मांडीखाली दाबून बसलो. घड्याळ बघितलं. चहा यायचा होता, मग मुलगा-मुलगी दोन शब्द बोलणार, मग नात्यागोत्याची चौकशी. तासभर. फार तर दीड. मी मनात हिशोब करत होतो आणि हिशोब करतोय हे कळत होतं. तोच हिशोब. सीझन संपू दे, पाहुणे जाऊ दे.

नंदा चहाचा ट्रे घेऊन दारात आली. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही; दहाचा ताप तिनं मोजला होता, सत्त्याण्णव पॉइंट नऊ. पुढचा दोनला मोजायचा होता. दोनपर्यंत हे फक्त मलाच माहीत होतं.

"नंदा," मी म्हटलं, "मला ताप आलाय."

आक्का पटकन म्हणाली, "अरे थायरॉइडचा असंल तो, पड तू आत जाऊन—"

"थायरॉइड न्हाई."  मी मुलाच्या वडिलांकडं वळलो. "मला लिम्फोमा आहे. कॅन्सर. पाच डोस झाले, एक राहिलाय. तुम्हाला खोटं सांगितलं, माफ करा. यात पोरीची मर्जी नव्हती. ताप आला की मला लगेच निघावं लागतं."

 मामांच्या हातातला चमचा ताटलीवर वाजला. नंदानं ट्रे खाली ठेवला, माझ्या कपाळाला हात लावला, थर्मामीटर आणला. शंभर पॉइंट सहा. पल्लवी तोवर फाइल आणि पिशवी घेऊन चपला घालत होती.

"आमची गाडी तुमच्या फाटकात आडवी आहे," मुलाचे वडील उठत म्हणाले. "ती काढून मंग तुमची काढण्यापेक्षा तीच न्या." आणि मुलाला म्हणाले, "चाबी घे. चल."

तर पल्लवीला बघायला आलेल्या मुलानं मला संभाजीनगरला नेऊन पोचवलं. पूर्ण रस्ता तो एक शब्द बोलला नाही, फक्त खड्डा आला की "सॉरी काका" म्हणायचा. पुष्कळ खड्डे होते.

या वेळी तीन दिवसांत सुटलो. मॅडम म्हणाल्या, वेळेत आलात.

परवा

सहावा डोस झाला. परवा स्कॅन आहे. गाठ हाताला लागत नाही, पण हाताला न लागणारी गोष्ट असतेच, हे मला कुणी शिकवायला नको. मला भीती वाटते. लिहून टाकलं म्हणजे कमी होईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

परतूरहून फोन आला नाही. आक्का माझ्याशी बोलत नाही. पल्लवीशी बोलते आणि माझी तब्येत तिच्याकडून विचारून घेते. पल्लवी म्हणते, "पप्पा, टेन्शन घेऊ नका," आणि तिचा फोन वाजला की आम्ही दोघंही पटकन तिकडं बघतो.

नंदा शाळेत जायला लागली आहे. गच्चीचं कुलूप काढलं आहे. झिनिया आता संपला. देठं वाळली, पानांवर भुरी आहे, काढून टाकायच्या लायकीचा झालाय. आज संध्याकाळी ती शाळेतून आल्यावर वाळलेली फुलं खुडून सुपात बी चोळत बसली होती. मी रेघेच्या अलीकडं खुर्चीत. थर्मामीटर माझ्याच खिशात होता.

"कुठल्या रंगाचं बी वेगळं ठेवतेस?" मी विचारलं.

"कुठल्याच न्हाई. सगळं एकत्र." तिनं वर न बघता विचारलं, "पाचचा घेतला का?"

"घेतला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार."

"बरं," ती म्हणाली, आणि बी चोळत राहिली.